कॉम्पॅक्ट फिल्म कॅमेरा: निवड, पहिला रोल आणि निगेटिव्ह वाचण्यापर्यंत

फिल्मवर चालणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा बहुतेक निर्णय स्वतःच घेतो. उजेड किती, अंतर किती, फ्लॅश मारायचा की नाही, हे बटण दाबल्यावर क्षणात ठरतं. त्यामुळे नवख्याला वाटतं की इथे शिकण्यासारखं काही नाही. मग पहिल्या रोलमधले निम्मे फोटो काळपट आणि निम्मे हललेले आले की कॅमेराच बिघडलाय असा समज होतो. खरं तर या कॅमेऱ्यांच्या चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या ओळखून आधीच सावरायला शिकलात की लेन्सचा छोटासा तुकडासुद्धा उत्तम फोटो देतो.

कोणता कॅमेरा घ्यावा

आधी घरातलं कपाट बघा. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या कित्येक घरांत यशिका एमएफ-२ सुपर किंवा कोडॅक केबी-१० होता. हे फिक्स्ड फोकसचे कॅमेरे आहेत. लेन्स एकाच अंतरावर कायमची बसवलेली असते आणि साधारण दीड मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटरचा वेगही एकच असतो, साधारण १/१०० ते १/१२५ सेकंद. उन्हात ते छान चालतात, घरात फ्लॅशशिवाय अजिबात नाही. त्यांत बिघडण्यासारखं फार थोडं असतं, म्हणून वीस वर्षं पडून राहिलेला असा कॅमेराही बऱ्याचदा सेल घातल्यावर लगेच सुरू होतो.

दुसरा प्रकार एकाच फोकल लांबीच्या, म्हणजे झूम नसलेल्या, ऑटोफोकस कॅमेऱ्यांचा. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा कोनिका सी३५ एएफ. १९७९ मध्ये कॅननचा एएफ३५एम आला. या घराण्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे १९९७ चा ऑलिम्पस म्यू-२: ३५ मिमी, एफ/२.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस, ४ सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत शटर. कॅमेरा खरोखर चांगला आहे, पण आज त्याची किंमत त्याच्या कामापेक्षा नावाची जास्त झाली आहे. आतली सर्किटं आता पंचविशी ओलांडलेली आहेत, नवे सुटे भाग मिळत नाहीत, आणि दुरुस्ती म्हणजे दुसऱ्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातला भाग काढून बसवणं. म्हणून पहिल्या कॅमेऱ्यासाठी कॅनन शुअर शॉट, पेंटॅक्स एस्पिओ किंवा पहिला म्यू (१९९१, एफ/३.५) यांच्यापैकी जो चालू स्थितीत, परत करण्याच्या सोयीसह मिळेल तो घ्यावा. बंद पडला तरी खिशाला मोठी चाट बसत नाही.

तिसरा प्रकार झूमचा. ३८–१०५ किंवा ३८–१४० असे आकडे पाहून भुलू नका. झूम टोकाला नेला की लेन्सचं छिद्र एफ/९ किंवा त्याहूनही बारीक होतं. तेवढ्या अंधुक लेन्समधून संध्याकाळी फोटो काढायचा तर शटर बराच वेळ उघडं राहतं आणि फोटो हलतो. झूम कॅमेरा असेलच तर त्यात ४०० चीच फिल्म घाला (हा आकडा मोठा तितकी फिल्मला उजेडाची गरज कमी) आणि झूमच्या रुंद टोकाला राहून फोटो काढा.

नवा कॅमेरा हवा असेल तर हाफ फ्रेमचे, म्हणजे नेहमीच्या एका फोटोच्या जागेत दोन फोटो काढणारे, पर्याय आहेत. कोडॅक एक्टार एच३५ (२०२२) हा प्लॅस्टिकचा, एफ/९.५ आणि १/१०० सेकंद अशा ठरलेल्या आकड्यांवर चालणारा स्वस्त कॅमेरा. पेंटॅक्स १७ (२०२४) महाग आहे, पण त्यात अंतराचे झोन निवडता येतात आणि उजेडही मोजला जातो. दोन्हींत ३६ च्या रोलवर ७२ फोटो येतात आणि कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो.

जुना कॅमेरा हातात आल्यावर काय तपासायचं

सेल घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याआधी सेलची जागा उघडा. हिरवी-पांढरी पूड दिसली तर सेल पाझरलेला आहे. थोडी असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसता येते, नंतर स्पिरिटने कोरडं करायचं. पण पत्रा खाल्ला गेला असेल तर सोडून द्या.

मग मागचं झाकण उघडून कॅमेरा उजेडाकडे धरा आणि बटण दाबा. बऱ्याच कॅमेऱ्यांत झाकण उघडं असतानाही शटर चालतं. लेन्समधून क्षणभर उजेडाचा गोल ठिपका चमकायला हवा. केबी-१० सारख्या साध्या कॅमेऱ्यांत इथे एक मेख आहे. रिकामा असताना बटण दाबलं तरी काही होत नाही, कारण शटर ताणण्याचं काम फिल्मची भोकं करतात. दातेरी चाक बोटाने फिरवा, ‘टक्’ लागेपर्यंत. मग बटण दाबा. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले कॅमेरे ‘बंद’ म्हणून भंगारात गेले आहेत.

झाकणाच्या कडेच्या खाचांत काळा फोम असतो. बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो विरघळलाय, तिथून प्रकाश आत शिरणार. हा दोष स्वस्तात दुरुस्त होतो: स्पिरिटने जुना फोम काढा आणि दीड ते दोन मिमी जाडीच्या चिकट फोमच्या बारीक पट्ट्या लावा. काही कॅमेऱ्यांत फोमऐवजी नुसते खोबणी-कंगोरे असतात, तिथे प्रश्नच नाही.

लेन्सवर समोरून टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. कोकण, गोवा आणि मुंबईतून आलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. एका कोपऱ्यातला छोटा ठिपका फोटोत दिसत नाही, पण संपूर्ण लेन्सवर धुकट थर असेल तर सगळे फोटो फिके येतील. शेवटी फ्लॅश चार्ज होतो का ते बघा. पंधरा-वीस सेकंदांहून जास्त लागत असतील तर आधी नवे सेल घालून पुन्हा बघा.

एक ताकीद कळकळीने: फ्लॅश असलेला कॅमेरा घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडू नका. फ्लॅशच्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यानंतरही ते बराच वेळ तसेच राहतात.

सेल

जुन्या साध्या कॅमेऱ्यांना दोन पेन्सिल सेल लागतात, अल्कलाइन वापरा. ऑटोफोकसवाल्यांना बहुधा ३ व्होल्टचा लिथियम सीआर१२३ए किंवा सीआर२ लागतो. दिसायला सारखाच असणारा रिचार्जेबल १६३४० सेल सीआर१२३ए च्या जागी घालू नका. तो पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि सर्किट जळू शकतं. महिनाभर कॅमेरा वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. मात्र आत अर्धवट रोल असेल तर थांबा: काही कॅमेरे सेल निघाल्यावर फोटोंचा आकडा विसरतात, काही कॅमेरे सेल परत घातल्यावर रोल गुंडाळायलाच लागतात.

फिल्म

उन्हाळ्यातल्या भर दुपारी २०० ची फिल्म पुरते. बाकी सगळ्यासाठी, म्हणजे पावसाळा, घरातलं कार्य, संध्याकाळ, गल्लीबोळ, ४०० ची घ्या. पहिल्या रोलसाठी कोडॅक गोल्ड २००, अल्ट्रामॅक्स ४०० किंवा फुजीफिल्म ४०० यांच्याबाहेर जाण्याची गरज नाही. कृष्णधवल हवं असेल तर इलफर्ड एचपी५ प्लस किंवा केंटमिअर ४००, पण ती धुणारी लॅब आधी शोधून ठेवा. रंगीत फिल्मची सी-४१ प्रक्रिया वेगळी, कृष्णधवलची वेगळी.

फिल्मच्या डबीवर चंदेरी-काळ्या चौकोनांची जाळी असते. हा डीएक्स कोड, कोडॅकने १९८३ मध्ये आणलेला. कॅमेऱ्यातले छोटे पितळी टोक या चौकोनांना टेकून फिल्मचा वेग, म्हणजे हाच २००, ४०० असा आकडा, वाचतात. कोड नसलेली डबी घातली तर बहुतेक कॅमेरे ती १०० ची समजतात. म्हणजे ४०० ची फिल्म दोन स्टॉप जास्त उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). निगेटिव्ह फिल्मला ते चालतं, उलट अनेकदा रंग चांगले येतात. ८०० ची फिल्म मात्र तीन स्टॉप जास्त उजळेल आणि अंधारात फ्लॅश नको असेल तेव्हा शटर उगाच लांबेल. यशिका एमएफ-२ सारख्यांत फिल्मचा वेग हाताने लावावा लागतो. रोल बदलताना तो आकडा बघायची सवय लावा.

मुद्दाम सांगायला हवं ते स्वस्त ‘सिनेमा फिल्म’बद्दल. चित्रपटांसाठीची कोडॅक व्हिजन३ फिल्म (५०डी, २५०डी, २००टी, ५००टी) कापून डब्यांत भरून विकली जाते. रंग सुंदर असतात, पण अशा बऱ्याच रोलांच्या पाठीवर रेमजेट नावाचा कार्बनचा काळा थर असतो. तो रोल सांगितल्याशिवाय साध्या सी-४१ मशिनमध्ये गेला तर थर सुटून रसायन घाण करतो आणि तुमच्याबरोबर इतरांचेही रोल खराब होतात. विकत घेतानाच विचारा की रेमजेट काढलेला आहे का, आणि लॅबला देताना डबीवर ठळक लिहा. पहिल्या रोलसाठी हा उद्योग नकोच.

मुदत संपलेली फिल्म स्वस्त मिळते. ढोबळ हिशेब असा की दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त उजेड लागतो. कॉम्पॅक्टमध्ये तो देण्याची सोय बहुधा नसते, म्हणून ती फिल्म फक्त कडक उन्हात वापरा, आणि परत न घेता येणाऱ्या प्रसंगी नाहीच.

रोल भरणं

सगळ्यात जास्त रोल इथेच वाया जातात. सावलीत उभे राहा, उन्हाकडे पाठ करा.

१. मागचं झाकण उघडा. आत फुंकर मारू नका, थुंकीचे कण उडतात. ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. शटरच्या पडद्याला बोट लावू नका.

२. डबी तिच्या कप्प्यात नीट बसवा. हाताने गुंडाळायच्या कॅमेऱ्यांत आधी गुंडाळण्याची दांडी वर ओढावी लागते आणि डबी बसल्यावर खाली दाबावी लागते.

३. फिल्मचं टोक लाल किंवा केशरी खुणेपर्यंतच ओढा. जास्त ओढलं गेलं तर डबीची कळ फिरवून परत आत घ्या. फुगवटा राहिला तर मोटर फिल्म पकडत नाही.

४. फिल्म सपाट आहे आणि दातेरी चाकाचे दात भोकांत बसलेत, हे डोळ्यांनी बघा. मग झाकण ‘कट्’ होईपर्यंत लावा.

५. मोटरवाल्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकून आकडा १ वर यायला हवा. ० किंवा ई लुकलुकत असेल तर फिल्म पकडली गेलेली नाही. उघडा, पुन्हा भरा. या टप्प्यावर उघडल्याने फक्त टोक वाया जातं.

६. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यांत दोन कोरे फोटो काढून पुढे जा. फिल्म पुढे फिरवताना डावीकडची गुंडाळण्याची दांडी आपोआप गरगरली पाहिजे. ती स्थिर राहिली तर आत काहीही सरकत नाही, मग आकडा कितीही पुढे जावो.

फुजीच्या बऱ्याच कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत झाकण लावताच सगळा रोल बाहेर ओढला जातो आणि आकडा उलटा मोजत जातो. घाबरू नका, ती त्यांची रीतच आहे. फायदा असा की काढलेला प्रत्येक फोटो डबीत सुरक्षित जातो. मध्येच चुकून झाकण उघडलं तर बहुतेक करून न काढलेलेच वाया जातात.

फोटो काढताना

ऑटोफोकस फक्त मधल्या छोट्या चौकटीत बघतो. दोन माणसं शेजारी उभी असतील तर ती चौकट त्यांच्या मधून मागच्या भिंतीवर पडते, आणि फोटोत भिंत स्पष्ट, माणसं पुसट येतात. उपाय: चौकट एका चेहऱ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा, बटण तसंच धरून चौकट हवी तशी हलवा, मग पूर्ण दाबा. पहिल्या रोलमध्ये एवढी एकच गोष्ट हाताला बसली तरी पुरे.

काचेतून, म्हणजे रेल्वेच्या किंवा बसच्या खिडकीतून, अवरक्त किरणांवर चालणारा फोकस फसतो, कारण किरण काचेवरूनच परततात. डोंगराची खूण असलेला मोड असेल तर तो लावा आणि फ्लॅश बंद करा.

किमान अंतर पाळा. म्यू-२ चे ३५ सेंटीमीटर हा अपवाद आहे. बाकी बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा ६० सेंटीमीटर ते एक मीटर असते, फिक्स्ड फोकसची दीड मीटरच्या आसपास. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) लेन्सच्या बाजूला असल्याने जवळून काढलेल्या फोटोत डोकी कापली जातात. आतल्या कोपऱ्यांत छोट्या खुणा दिसतात, जवळच्या फोटोसाठी विषय त्या खुणांच्या आत ठेवा.

फ्लॅशच्या बाबतीत नवखे दोन्हीकडून चुकतात. अंधारात तो खूप लांब पोहोचेल असं वाटतं, पण १०० च्या फिल्मवर म्यू-२ चा फ्लॅश साधारण चार मीटर जातो, ४०० वर साधारण आठ. विसर्जनाच्या मिरवणुकीत दूरच्या मूर्तीवर मारलेला फ्लॅश समोरच्या माणसाची पाठ उजळतो, बस्स. उलट भर उन्हात, टोपीखालच्या किंवा पाठीमागून ऊन पडलेल्या चेहऱ्यावर फ्लॅश लागतो आणि नेमका तेव्हा कॅमेरा तो मारत नाही. तिथे विजेची खूण दाबून फ्लॅश सक्तीने चालू करा. दोन मीटरवरचा सावलीतला चेहरा त्याने उजळतो. लाल डोळे टाळणारा मोड मात्र बंदच बरा. आधी लुकलुक होऊन फोटो उशिरा निघतो आणि तोवर माणूस हललेला असतो.

आणखी एक: म्यूसारखे कॅमेरे लेन्ससमोरचं सरकतं झाकण बंद करून उघडलं की पुन्हा ऑटो फ्लॅशवर जातात. देवळात किंवा नाटकाला जाताना प्रत्येक वेळी फ्लॅश बंद करावा लागेल हे ध्यानात ठेवा. फ्लॅश बंद केल्यावर शटर सेकंदभरही उघडं राहू शकतं, तेव्हा कॅमेरा खांबाला किंवा कठड्याला टेकवा आणि सेल्फ-टायमर लावा.

रोल संपल्यावर

मोटर स्वतः गुंडाळते. आवाज पूर्ण थांबेपर्यंत आणि आकडा ० होईपर्यंत झाकण उघडू नका. हाताच्या कॅमेऱ्यात तळाचं बटण दाबून दांडी बाणाच्या दिशेने फिरवा. शेवटी ताण एकदम सुटतो, मग आणखी दोन-तीन वेढे द्या. मध्येच मोटर अडकली तर कॅमेरा तसाच लॅबमध्ये न्या किंवा पूर्ण अंधाऱ्या खोलीत उघडा.

लॅबला तीन गोष्टी विचारा: धुणं मशिनवर की हाताने, स्कॅन किती पिक्सेलचे, आणि निगेटिव्ह परत मिळतील का. साधारण ३००० × २००० पिक्सेल घरच्या वापराला आणि छोट्या छपाईला पुरेसे आहेत. निगेटिव्ह हट्टाने परत घ्या. ते सहा-सहाच्या पट्ट्यांत पारदर्शक पाकिटात मिळतात. स्कॅन पुन्हा करता येतो, निगेटिव्ह पुन्हा करता येत नाही.

निगेटिव्ह वाचून दोष ओळखणं

स्कॅन पाहून अंदाज बांधू नका, कारण स्कॅनर आपल्या मनाने उजळ-गडद करतो. पट्टी मोबाइलच्या किंवा संगणकाच्या कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनसमोर धरून बघा.

कडेचे आकडे आणि फिल्मचं नाव दिसतंय, पण मधल्या चौकटी कोऱ्या आहेत: फिल्म सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. कडेचे आकडेही नाहीत: धुण्यात गडबड झाली, तुमचा दोष नाही. पूर्ण रोल काळाकुट्ट: झाकण उघडलं गेलं किंवा फिल्मवर प्रकाश पडला.

चौकटी फिकट, सावल्यांत काहीच तपशील नाही: उजेड कमी पडला. स्कॅनमध्ये हेच करड्या, दाणेदार अंधाराच्या रूपात दिसतं. पुढच्या वेळी ४०० ची फिल्म घ्या किंवा जवळ जाऊन फ्लॅश मारा. संपूर्ण रोलवर असं असेल तर डबीला टेकणारे पितळी टोक खोडरबराने हलके घासून बघा. मळलेले टोक चुकीचा वेग वाचतात.

कडेला गडद पट्टे (स्कॅनमध्ये केशरी-लाल): झाकणाच्या फोममधून प्रकाश शिरतोय. चौकटी एकमेकांवर चढल्या: फिल्म ओढणारी यंत्रणा थकली. लांबीच्या दिशेने सरळ रेघ: आतल्या दाबपट्टीवर किंवा रोलरवर कचरा. प्रत्येक फोटोच्या स्कॅनमध्ये एकाच कोपऱ्यात काळसर गोलाई: तुमचं बोट किंवा दोरी.

या तपासणीसाठीच पहिला रोल २४ किंवा ३६ चा, साध्या फिल्मचा आणि मुद्दाम वेगवेगळ्या प्रसंगांचा काढा: ऊन, सावली, खोलीत फ्लॅशसह, खोलीत फ्लॅशशिवाय, एक मीटरवरचा चेहरा, दूरचा डोंगर. काय काढलं ते क्रमाने वहीत लिहा. तो धुऊन आल्याशिवाय लग्नाला किंवा सहलीला हा कॅमेरा एकटा नेऊ नका.

पावसाळा आणि प्रवास

बुरशीला ओल, अंधार आणि बंद हवा आवडते, म्हणजे नेमकं चामडी पाकीट आणि कपाटाचा खण. जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. आत छोटा आर्द्रतामापक टाकून आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर कोरडं करून परत वापरा (ही कढई पुन्हा स्वयंपाकाला नको). आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून शटर चालवा.

न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, बाहेरच्या प्लॅस्टिकच्या बंद डबीतच ठेवा आणि वापरण्याआधी दोन तास बाहेर काढा. थंड डबी दमट हवेत लगेच उघडली तर फिल्मवर पाणी धरतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला रोल एका दुपारीत रंग बिघडवून घेतो.

विमानाने जाताना फिल्म कधीही चेक-इन सामानात टाकू नका, तिथलं स्कॅनिंग जास्त तीव्र असतं. हातातल्या सामानासाठीही आता अनेक विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत आणि ते कोणत्याही वेगाच्या फिल्मवर धुकं आणू शकतात. रोल बाहेरच्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत भरा आणि रांगेत लागल्यावर नम्रपणे हाताने तपासणी मागा. कॅमेऱ्यात अर्धवट रोल नको म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी तो संपवून टाका.